काचेचा सर्किट बोर्ड घरी करताना

तांबं काचेला आपणहून धरत नाही. कारखान्यात काचेवर तांबं चढवायचं असेल तर निर्वात पेटीत आधी टायटॅनियमचा किंवा क्रोमियमचा अगदी पातळ थर देतात आणि त्याच्या आधाराने वर तांबं बसवतात. घरी निर्वात पेटी कुठली असणार! म्हणून काच आणि तांब्याच्या मधे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, घालायचा. पारदर्शक बोर्ड करायला घेतल्यापासून माझा बहुतेक सगळा वेळ या इपॉक्सीपायीच गेला. आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते, की बोर्ड म्हणायला काचेचा, पण टिकतो की उखडतो, स्वच्छ दिसतो की धुरकट, हे सगळं त्या मधल्या थरावर ठरतं.

तसा नेहमीचा बोर्डही काच आणि इपॉक्सीचाच असतो. एफआर-४ म्हणजे काचतंतूंचं विणलेलं कापड इपॉक्सीत भिजवून दाबून घट्ट केलेलं. हिरवा रंग असतो तो वरच्या सोल्डर मास्कचा, म्हणजे संरक्षक लेपाचा; तो खरवडला की खालचा फिकट पिवळसर, धूसर पत्रा दिसतो. काचतंतू आणि इपॉक्सी यांचे अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं प्रमाण, तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे धाग्याधाग्यावर उजेड विखुरतो आणि पलीकडचं दिसत नाही. विणलेल्या कापडाच्या जागी सलग काच घेतली की विखुरायला धागेच उरत नाहीत.

पारदर्शकच हवं तर ट्रॅकही, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या रेघाही, पारदर्शक का नकोत, असं मला काही जणांनी विचारलं. एलसीडीच्या काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो, तो खरोखरच आरपार दिसतो. पण त्याचा रोध बघा. चांगल्यापैकी थराचा रोध दर चौरसाला १० ओहमच्या आसपास असतो. १ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे ओळीने ५० चौरस, म्हणजे ५०० ओहम. तोच ट्रॅक ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा केला तर २५ मिलिओहम. शिवाय त्या ऑक्साइडवर साधं सोल्डर, म्हणजे भाग जोडायला वितळवतात तो मिश्रधातू, धरत नाही. डिस्प्लेला तो पुरतो, कारण तिथे विजेचा प्रवाह नगण्य असतो. एलईडी आणि मायक्रोकंट्रोलर चालवायचे तर तांबंच बरं, आणि मला विचाराल तर काचेवर तांब्याच्या बारीक रेघा दिसणं हीच या बोर्डाची खरी शोभा आहे. त्या लपवायच्या कशाला?

सर्किट मी मुद्दाम साधं ठेवलं. एटीटायनी८५ ही आठ पायांची मायक्रोकंट्रोलर चिप, गोलात बारा लाल एलईडी, बोट नुसतं टेकवलं की चालणारं एक बटण आणि सीआर२०३२ नाण्याची बॅटरी. बारा एलईडींना चार पाय पुरतात, कारण दोन-दोन पायांच्या प्रत्येक जोडीत उलटसुलट दिशेने दोन एलईडी बसवता येतात: चार पायांच्या सहा जोड्या, प्रत्येकीत दोन. या पद्धतीला चार्लीप्लेक्सिंग म्हणतात. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, त्यामुळे तीन व्होल्टच्या बॅटरीवर भागतं. निळे किंवा पांढरे घेतले असते तर बॅटरी थोडी उतरताच मंदावले असते.

काचेवर तांबं एकाच बाजूला आणि भोकं नाहीत, म्हणजे ट्रॅक एकमेकांना छेदून चालत नाहीत. चार बिंदू प्रत्येकी बाकीच्या तिन्हींना जोडायचे असतील तर एकही रेघ न छेदता जोडता येतात, पण चिपकडून त्या चारही बिंदूंकडे जायचं म्हटलं की पाचवा बिंदू येतो आणि एक तरी छेद येतोच. कागदावर कितीही फिरवून काढा, सुटका नाही. जिथे छेद आला तिथे मी १२०६ या मापाचा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा रेझिस्टर आणून ठेवला आणि दुसरा ट्रॅक त्याच्या पोटाखालून नेला. रेझिस्टर तसाही लागणारच होता. ही मांडणी जमली तेव्हा मला सोल्डरिंग संपल्यावर झाला असता त्यापेक्षा जास्त आनंद झाला. एरवीच्या बोर्डावर असा गुंता मागच्या बाजूला ढकलून मोकळं होता येतं. काचेवर मागची बाजूही समोरच असते, म्हणून प्रत्येक वळण दिसायला कसं आहे याचाही विचार करावा लागतो. ट्रॅक मी ०.३ मिलिमीटरचे ठेवले, आणि ज्या पॅडवर, म्हणजे भाग सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्यांवर, जोर येणार ते मात्र चांगले ऐसपैस.

काच घेतली ती साधी, २ मिलिमीटर जाडीची, फोटोफ्रेमला असते तशी. सरावासाठी सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड उत्तम: ७५ बाय २५ मिलिमीटर, १ मिलिमीटर जाड, कापायची कटकट नाही. टफन्ड काच घेऊ नये. तिच्या आत ताण भरून ठेवलेला असतो आणि कापायला गेलं की तिचे बारीक तुकडे होतात. साध्या काचेवर हिरकणी एकदाच, सलग आणि एकसारख्या दाबाने फिरवायची. त्याच रेघेवर पुन्हा फिरवायची नाही. मग रेघेखाली एक बारीक काडी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबलं की काच सरळ तुटते. कडा मी पाण्याखाली सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासल्या. बोट कापू नये हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण असं की तडा जवळपास नेहमी कडेच्या टवक्यातूनच सुरू होतो. गुळगुळीत कड ही पुढच्या सोल्डरिंगची तयारी असते. कोरडं घासू नये, काचेची भुकटी छातीत जाते.

साबणाने धुवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून झाल्यावर काच पाण्याखाली धरायची. पाणी एकसंध पडदा होऊन पसरलं तर काच स्वच्छ. कुठे थेंब जमले, पडदा फाटला, तर तिथे अजून तेलकटपणा आहे. या परीक्षेत पास झालेल्या काचेला उघड्या बोटाने हात लावायचा नाही.

आता तांबं. रंगीत काचकामासाठी मिळणारी चिकट तांब्याची पट्टी सोपी वाटते, पण तिचा गोंद सोल्डरच्या उष्णतेत मऊ पडतो आणि पॅड जागचं सरकतं. मी ३५ मायक्रॉनचं इलेक्ट्रोडिपॉझिटेड फॉइल वापरलं, म्हणजे विजेच्या साहाय्याने द्रावणातून जमवलेलं. त्याची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी मळकट, खरबरीत. भिंगाखाली त्या खरबरीत बाजूला बारीक बारीक दाते दिसतात. इपॉक्सी त्या दात्यांत शिरतो आणि वाळल्यावर तिथेच अडकून बसतो. बोर्डाची सगळी पकड ही अशी. म्हणून खरबरीत बाजू काचेकडे.

इपॉक्सी पाच मिनिटांत घट्ट होणारा घेऊ नये. तो पन्नास-साठ अंशांलाच मऊ पडू लागतो. सावकाश, दिवसभराने वाळणारा, पाण्यासारखा नितळ इपॉक्सी घ्यावा आणि दोन्ही भाग चमच्याच्या अंदाजाने न घेता वजनाने मोजावेत. मिसळल्यावर वाटी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवली की मिश्रण पातळ होतं आणि ढवळताना शिरलेले बुडबुडे वर येऊन फुटतात. काचेच्या मधोमध एक रेघ ओतायची, फॉइल एका कडेपासून हळूहळू टेकवत न्यायचं, रबरी रोलरने मधून बाहेर असं दाबत जायचं. हवा आणि जास्तीचा इपॉक्सी कडांनी बाहेर येतो. वर बेकिंग पेपर, त्यावर दुसरी सपाट काच, त्यावर वजन.

इथे काचेने मला जे दिलं ते एफआर-४ कधीच देत नाही. सगळं उलटं करून खालून पाहिलं की गोंदाचा थर सरळ समोर दिसतो. तांब्याचा मागचा भाग गुलाबीसर तपकिरी, मंद, एकसारखा. आणि एखादा बुडबुडा राहिला असेल तर तिथे फिकट, चकाकता ठिपका. रोलर घेऊन मी तो ठिपका कडेपर्यंत ढकलत नेते आणि तो कडेला पोचून नाहीसा होताना बघते. हे काम घाईने करण्यासारखं नाहीच. ट्रॅकखाली बुडबुडा राहिला तर सोल्डर करताना आतली हवा प्रसरण पावते आणि तांब्याला फोड येतो. मग त्या जागी ट्रॅक अधांतरीच.

इपॉक्सी वाळल्यावरही काम संपत नाही. घरच्या तापमानाला वाळलेला इपॉक्सी पूर्ण पिकलेला नसतो. तो हळूहळू साठ, मग ऐंशी अंशांपर्यंत नेऊन काही तास तिथेच ठेवला की त्याचं मऊ पडण्याचं तापमान बरंच वर सरकतं. थंडही त्याच जागी, झाकून, सावकाश होऊ द्यायचा.

नक्षी उतरवायला इस्तरीने टोनर चिकटवायची पद्धत मी बाजूला ठेवली, कारण तेवढा ताप आणि दाब काचेवर एकदम नको होता. त्याऐवजी ड्राय फिल्म, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी निळी पातळ पट्टी. तांब्यावर पाण्याचा फवारा मारून ती ओल्यावरच पसरली, पाणी दाबून काढलं आणि गरम हवेने बसवली. वर पारदर्शक कागदावर छापलेली निगेटिव्ह ठेवून अतिनील दिवा दाखवला. मग लिटरभर पाण्यात १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात बोर्ड हलवत राहायचं. जिथे उजेड पडला नाही तिथली निळी पट्टी विरघळून निघते.

एचिंग, म्हणजे नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवणं, हा मला सगळ्यात आवडणारा टप्पा. फेरिक क्लोराइड चाळीसेक अंशांपर्यंत कोमट केलेलं, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. हातमोजे आणि चष्मा घालूनच, कारण डाग जात नाहीत आणि डोळ्यात उडालं तर भारी पडतं. बुडवल्यावर क्षणात तांब्याची चकाकी जाते आणि ते फिकट, मंद गुलाबी होतं. बराच वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं. मग बोर्ड बाहेर काढून दिव्यासमोर धरला की कडेला उजेडाची बारीक रेघ दिसते. पुढच्या वेळी ती रुंद झालेली असते, मधे कुठे कुठे टाचणीच्या टोकाएवढे तारे चमकतात, आणि मग मोकळ्या जागा एकेक करत उघडत जातात. दोन ट्रॅकमधली चिंचोळी फट सगळ्यात शेवटी उघडते. एफआर-४वर ती उघडली की नाही हे डोळे ताणून पाहावं लागतं. इथे उजेडच सांगतो. ती उघडली की लगेच पाण्यात घालायचं. उशीर केला तर द्रावण ट्रॅकच्या कुशीतून आत खात जातं, आणि ०.३ मिलिमीटरच्या ट्रॅकला तेवढंही परवडत नाही.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. मी त्यात थोडा थोडा धुण्याचा सोडा घालते. फेस येतो, मग धातूंचा गाळ तळाशी बसतो. तो गाळ गाळून, वाळवून, धोकादायक कचऱ्यात वेगळा द्यायचा.

उरलेली निळी पट्टी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात सुटून आली आणि बोर्ड हातात आला तो धुरकट. ट्रॅक रेखीव, पण मधली काच दुधी दिसत होती. कारण सरळ आहे: तांबं गेलं, पण त्याच्या दात्यांचा ठसा इपॉक्सीवर जसाच्या तसा राहिला. त्या खडबडीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो. जे दाते तांब्याला धरून ठेवतात तेच पारदर्शकता घालवतात. चकचकीत बाजू काचेकडे लावली तर बोर्ड पहिल्यापासून स्वच्छ दिसेल, पण सोल्डरच्या पहिल्याच स्पर्शाला पॅड उचललं जाईल. यातून वाट काढायची तर पकड आधी, स्वच्छता शेवटी. त्या दुधी भागावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंबाखाली तेवढीच गोल खिडकी उघडते आणि टेबलावरचं अक्षर वाचता येतं. पाणी खड्डे भरून काढतं आणि त्याचा अपवर्तनांक हवेपेक्षा इपॉक्सीला जास्त जवळचा, म्हणून उजेड विखुरायचा थांबतो. पाणी उडून जातं. पारदर्शक लाखेचा थर उडत नाही. तो थर सोल्डरिंगनंतर.

सोल्डरिंगआधी थोडा हिशेब. साधी काच एका अंशाला दर मीटर ९ मायक्रोमीटर वाढते, तांबं १७. म्हणजे १०० मिलिमीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली तर काच ०.०९ मिलिमीटर वाढणार आणि तांबं ०.१७. मधला फरक सोसायचा कोणी? इपॉक्सीने. बोरोसिलिकेट काच दर अंशाला सव्वातीन-साडेतीन मायक्रोमीटरच वाढते, त्यामुळे ती तडकायला अवघड, पण तांब्याशी तिचा फरक आणखी मोठा. साध्या काचेचा खरा शत्रू तापमान नाही, एकाच काचेतला तापमानाचा फरक आहे. काच उष्णता फार हळू पसरवते; एक जागा तापते, शेजारची गार राहते. सरावाच्या स्लाइडवर मी मुद्दाम गार काचेवर तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवून धरली. बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि कडेपासून पॅडपर्यंत वळत गेलेली रेघ उमटली.

म्हणून बोर्ड सगळाच्या सगळा आधी तापवायचा. हॉटप्लेटवर ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, त्यावर बोर्ड, आणि तापमान हळूहळू १०० अंशांपर्यंत. सोल्डर टिन-बिस्मथचं, जे १३८ अंशांना वितळतं. नेहमीचं टिन-शिशाचं १८३ला आणि शिसेविरहित २१७च्या पुढे. १०० वरून १३८ला पोचायला आयर्नचा एक-दोन सेकंदांचा स्पर्श पुरतो. आयर्नच्या टोकावर जुनं शिशाचं सोल्डर राहिलेलं नको, ते आधी नीट पुसून काढावं: शिसं बिस्मथमध्ये मिसळलं की ९६ अंशांच्या आसपासच वितळणारा मिश्रधातू तयार होतो आणि प्लेटवर बसल्या बसल्या सांधे सुटतात. आणखी एक, पॅड गरम असताना भाग चिमट्याने ढकलून सरळ करायचा मोह टाळायचा. त्या क्षणी खालचा इपॉक्सी मऊ असतो. भागाबरोबर पॅडही सरकतं. चिप आधी नीट बसवावी, एक पाय पकडावा, भिंगातून पाहावं, मग बाकीचे. सगळं झालं की प्लेट बंद करून बोर्ड तिच्यावरच राहू द्यायचा.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन, आयसोप्रोपिलने धुतला. ॲसिटोन नको, तो इपॉक्सीला फुगवतो. मग बॅटरी आणि प्रोग्रॅमिंगची पॅडं टेपने झाकून पारदर्शक लाखेचे पातळ थर दिले. पहिल्याच थराला दुधीपणा गेला. ट्रॅक पुढून चकचकीत, मागून तपकिरी गुलाबी, आणि चिपचे आठ पाय खालूनही मोजता येतात.

काचेवर सर्किट हा काही निव्वळ छंदाचा खेळ नाही. एलसीडीत चिप थेट काचेवर चिकटवतात ही पद्धत जुनी आहे, आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये इंटेलने प्रोसेसरच्या पॅकेजसाठी काचेचा पाया आणणार असल्याचं जाहीर केलं. काच अतिशय सपाट असते आणि उष्णतेने तिचं माप फार बदलत नाही, ही त्यामागची मोठी कारणं. मला तिचा आणखी एक गुण उपयोगी पडला. काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला साथ देण्याचं प्रमाण, ७च्या आसपास, एफआर-४चा साडेचारच्या आसपास. बोटाने चालणाऱ्या बटणाला हे फायद्याचं, कारण तेवढ्याच जाडीतून बोटाची चाहूल जास्त स्पष्ट लागते. मी तांब्याचा १० मिलिमीटरचा गोल मागे ठेवला आणि बोट लावायचं ते काचेच्या कोऱ्या बाजूने.

बाहेरून जे काही जोडायचं तिथे मात्र जपावं लागतं. वायर थेट पॅडला सोल्डर करून सोडली तर एका हिसक्यात पॅड उखडून येतं, त्यामुळे बॅटरीच्या खोबणीखालची पॅडं रुंद ठेवली आणि खोबणीच्या कडांना त्याच इपॉक्सीची ओळ दिली. प्रोग्रॅम चढवायला कनेक्टर ठेवलाच नाही. स्प्रिंगच्या पिना पॅडवर दाबून धरते, काम झालं की उचलते. बटणाचं माप, ज्यावरून चिप बोट ओळखते ते, हवेतल्या दमटपणाने आणि बॅटरी उतरत जाईल तसं सरकतं, म्हणून चिप सुरू होताना आधी बोट नसतानाचं माप घेते आणि पुढेही अधूनमधून ते नव्याने घेत राहते.